नानांच्या गाडीचा टप

उन्हाळ्यातल्या एका रविवारी दुपारी मी जळगावात माझ्या घरी नववीच्या चित्रकलेच्या वह्या तपासत बसले होते. सगळ्या वह्यांत तेच दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नारळाची झाडं. ज्यांच्या गावात नारळाचं झाड औषधालाही नाही ती मुलं दरवर्षी नारळच काढतात आणि मीही दरवर्षी त्यांना दहापैकी सात मार्क देते. तेवढ्यात धुळ्याहून माझ्या मोठ्या भावाचा फोन आला.

"कापला," तो म्हणाला.

"काय कापला?"

"टप."

"कशाचा टप?"

"नानांच्या गाडीचा. सकाळी सुरुवात केली, आत्ता उतरवून खाली ठेवला. एकदम सरळ कापला गेला बघ."

मी लाल पेन खाली ठेवलं. नाना म्हणजे आमचे धाकटे काका. ऐंशी ओलांडलेले, पारोळ्याकडच्या एका गावात राहतात. गाडी म्हणजे त्यांची पांढरी ॲम्बॅसिडर. ती त्यांनी भाऊकडे दुरुस्तीला दिली होती. दुरुस्तीला दिलेल्या गाडीचा टप कापायचा असतो हे मला माहीत नव्हतं. नानांना तर नक्कीच माहीत नव्हतं.

आता नानांविषयी थोडं सांगायला हवं. नाना आयुष्यात तीनदा जिल्हा परिषदेला उभे राहिले आणि तिन्ही वेळा पडले. तिसऱ्या वेळी त्यांना मिळालेली मतं आमच्या भाऊबंदांच्या संख्येपेक्षाही कमी भरली. त्यामुळे पुढची दोन वर्षं घरातल्या प्रत्येक लग्नात नाना जेवणाच्या पंगतीत एकेकाच्या तोंडाकडे निरखून बघत फिरायचे. हे तिन्ही पराभव त्या ॲम्बॅसिडरमधूनच झाले. प्रचाराचे कर्णे बसवायला तिच्या टपाला आठ भोकं पाडली होती. निवडणुका संपल्या, कर्णे उतरले, भोकं तिथंच राहिली. पावसाळ्यात गाडीत आठ धारा लागायच्या आणि नाना पुढच्या सीटवर छत्री उघडून बसायचे. एकदा मी स्वतः त्यांच्यामागे बसून अमळनेरपर्यंत गेले आहे. वाटेत लोक थांबून बघत होते आणि नाना छत्रीखालून त्यांना नमस्कार करत होते.

पुढे गाडी बंदच पडली. दोन-तीन वर्षं उभी राहिली. मग भाऊ सरकारी बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला तेव्हा नानांनी ती दोरखंड बांधून ट्रॅक्टरने धुळ्यापर्यंत ओढून आणली आणि त्याच्या दारात उभी केली. "टप गळतो तेवढा बघ," ते म्हणाले. "पुढल्या इलेक्शनला लागेल."

भाऊची उभी नोकरी बसच्या खाली आडवं पडून गेली. वर आभाळाऐवजी त्याने कायम गिअरबॉक्स पाहिला. अत्यंत सरळ माणूस. बसचा एक नट कधी घरी आणला नाही. वहिनी म्हणते, आणला असता तर निदान घरातली खुर्ची तरी डुगडुगली नसती. असा माणूस निवृत्त झाला, मुलाने त्याला चांगला फोन घेऊन दिला, आणि त्या फोनमध्ये त्याला परदेशातल्या गाड्या सापडल्या. जुन्या गाड्यांचे टप कापलेले, बॉनेट काढून इंजिन उघडं ठेवलेलं, मागची चाकं पुढच्यापेक्षा मोठी, आणि अंगावर आगीच्या ज्वाळा रंगवलेल्या. भाऊ त्या गाड्या बघत तासन्‌तास बसायला लागला. माझ्या वाढदिवसाला त्याने मला शुभेच्छांच्या ऐवजी एका जांभळ्या गाडीचा फोटो पाठवला.

"अरे, पण नानांना विचारलंस का?" मी फोनवर म्हटलं.

"नाना म्हणाले, टप गळतो तेवढा बघ," भाऊ म्हणाला. "बघितला."

दर आठवड्याला नानांचा फोन यायचा. भाऊ खोटं बोलत नाही, हे मी आधीच सांगितलं. म्हणून त्याने खोटं न बोलता सात-आठ महिने काढले. यातला एक फोन माझ्यासमोरच झाला. नानांचा आवाज फोनमधून सगळ्या अंगणात ऐकू येत होता.

"गाडी कोठलोंग उनी?" कुठवर आली, असं ते आमच्या अहिराणीत विचारत होते.

"वरनं काम बठ्ठं व्हयनं, नाना." वरचं सगळं काम झालं, यात खोटं काहीच नव्हतं.

"गळनं बंद व्हयनं का?"

"कायमनं बंद व्हयनं."

नाना खूश झाले. त्यांनी भाऊच्या हाताची तारीफ केली आणि फोन ठेवला. भाऊ माझ्या नजरेला नजर न देता पान्हा शोधायला निघून गेला. पान्हा त्याच्या हातातच होता.

कापलेला टप मात्र वाया गेला नाही. वहिनीने तो अंगणात चार विटांवर ठेवला आणि त्याच्यावर बिबड्या वाळत घातल्या. आमच्याकडे ज्वारीच्या पिठाचे हे पापड उन्हाळ्यात करतात. पत्रा उन्हाने असा तापायचा की बिबड्या निम्म्या वेळात कडक व्हायच्या. गल्लीतल्या बायका येऊन विचारायच्या, हे कुठं मिळतं? वहिनी सांगायची, "आधी गाडी आणावी लागते."

वहिनीला त्या गाडीविषयी दुसरं काही चांगलं बोलताना मी ऐकलं नव्हतं. भाऊने टप कापल्यावर गाडीचं अंग मधून वाकायला लागलं, दारं लागेनात, म्हणून त्याने खालून लोखंडी चॅनेल मारले आणि मागची दोन्ही दारं वेल्डिंग करून कायमची बंद केली. म्हणजे मागे बसायचं तर दारावरून टांग टाकायची. "नऊवारी नेसत नाही म्हणून वाचले," वहिनी म्हणाली. इंजिन एका पिकअपचं बसवलं. ते बॉनेटशिवाय उघडं असायचं आणि चालू झालं की शेजारच्यांच्या कपाटातली भांडी थरथरायची. सीट म्हणून त्याने भंगारातून बसची दोन बाकडी आणली, त्या तांबड्या रेक्झिनची. नोकरीत नट न आणलेल्या माणसाने रीतसर पावती घेऊन आणली. भंगारवाल्याने त्यांच्यासोबत बसमधली एक छोटी पत्र्याची पाटीही दिली. तिच्यावर लिहिलं होतं, "विधानसभा सदस्य". बसमध्ये आमदारांसाठी सीट राखीव असते, त्या सीटची ती पाटी. माझ्या उभ्या आयुष्यात त्या सीटवर आमदार बसलेला मी पाहिला नाही. बहुतेक वेळा तिथं कोंबडी घेतलेली बाई असते. भाऊला पाटी आवडली. त्याने ती पुढच्या डाव्या सीटसमोर डॅशबोर्डवर दोन स्क्रूंनी बसवली.

नाताळच्या सुट्टीत मला धुळ्याला बोलावणं आलं. गाडी काळी रंगवून तयार होती आणि जानेवारीत जळगावात जुन्या आणि मॉडिफाय केलेल्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. भाऊने नाव नोंदवलं होतं. आता ज्वाळा काढायच्या होत्या, आणि घरात ड्रॉइंग टीचर असताना पेंटर कशाला?

मी पंचवीस वर्षं चित्रकला शिकवते. या पंचवीस वर्षांत मी स्वतः काय काढलं असं कुणी विचारलं तर मला विषय बदलावा लागतो. फळ्यावर फुलदाणी आणि पंधरा ऑगस्टला झेंडा, एवढंच. तरी मी तीन दिवस खपले. पुढच्या चाकांपासून दारांपर्यंत लाल ज्वाळा, मध्ये पिवळा, टोकाला केशरी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ब्रश धुतला आणि तिघं लांब उभे राहून गाडीकडे बघायला लागलो. 

"मिरच्या चांगल्या आल्यात," वहिनी म्हणाली.

"ज्वाळा आहेत त्या," मी म्हटलं.

"असं का?" वहिनी म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

भाऊने माझी समजूत घालायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, लांबून ज्वाळा वाटतात. मग मागे सरकत सरकत तो फाटकापर्यंत गेला. तिथून त्याने हात हलवला.

गाडी रस्त्यावर चालवायची तर परवाना हवा, आणि अशा गाडीला परवाना कोण देणार? वर्कशॉपमधले जुने मित्र म्हणाले, रात्री गुपचूप ने. भाऊने साफ नकार दिला. मग प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, मी मदतीला पुन्हा धुळ्याला आले होते तेव्हा, एक ट्रक मिळाला. तो धुळ्याला केळी उतरवून रिकामा रावेरकडे परत निघाला होता. मातीच्या उंचवट्याला ट्रकचा मागचा भाग लावून फळ्यांवरून गाडी आत चढवली. ट्रकमध्ये केळीची वाळलेली पानं तशीच पसरलेली होती, ती गाडीला गादीसारखी झाली. भाऊ ड्रायव्हरजवळ बसला. केबिनमध्ये बिडीचा धूर होता म्हणून वहिनी म्हणाली, आपण मागे गाडीतच बसू.

अशी आम्ही दोघींनी धुळे ते जळगाव यात्रा केली. ट्रकवर उघडी काळी गाडी, गाडीत बसच्या बाकड्यावर डोक्याला स्कार्फ बांधलेल्या दोन प्रौढ बायका, आणि सगळीकडून केळीच्या पानांची महिरप. पारोळ्याच्या आधी वहिनीने पदर तोंडावर ओढला. नानांचं गाव जवळ होतं. एरंडोलला ट्रक सिग्नलपाशी थांबला तर रस्त्याकडेची एक म्हातारी आमच्याकडे बघून हात जोडून उभी राहिली. तिला कुठल्या देवीची मिरवणूक वाटली कोण जाणे. मी अवघडून खाली बघायला लागले. वहिनीने मात्र अगदी शांतपणे उजवा हात वर करून तिला आशीर्वाद दिला.

"वहिनी!"

"देऊन काय बिघडलं? तिला बरं वाटलं."

प्रदर्शन शहरातल्या एका हौशी क्लबाने भरवलं होतं. त्यात डॉक्टर जास्त होते आणि जानेवारीत जेवढी थंडी पडते त्याच्या मानाने त्यांच्या अंगावर कोट फार होते. मैदानाच्या पुढच्या भागात मांडव, लाल गालिचा आणि मखमल लावलेले दोरखंड. तिथं खऱ्या जुन्या गाड्या. इंदूर, नाशिक, सुरतेहून आलेल्या, इतक्या चकचकीत की त्यांच्यात बघून भांग पाडावा. त्यांचे मालक कापसाचे बोळे घेऊन त्यांना हळुवार पुसत होते. तान्ह्या बाळांनाही कुणी इतकं जपून पुसत नाही. मॉडिफाय केलेल्या गाड्यांना मागची जागा होती, भज्यांचा स्टॉल आणि फिरती शौचालयं यांच्यामध्ये. आमच्या एका बाजूला माणसाच्या छातीइतक्या उंच चाकांची जीप होती आणि दुसऱ्या बाजूला पंख लावलेली रिक्षा. वारा आला की कधी भज्यांचा वास यायचा, कधी दुसरा.

भाऊ गाडीजवळ स्टूल टाकून बसला. लोक येत, बघत, विचारत. तो प्रत्येकाला खरं ते सांगायचा. इंजिन पिकअपचं, हेडलाइट ट्रॅक्टरचे, आरसे मोटारसायकलचे, सीट बसची. लोक मान हलवून रिक्षाकडे जायचे. तासाभराने तो जेवणाचा डबा आणायला गेला आणि स्टुलावर वहिनी बसली. मी शेजारीच उभी होते, म्हणून हे सांगू शकते. पहिलाच माणूस आला आणि त्याने विचारलं, "ही मूळची कुणाची?"

"संस्थानिकाची," वहिनी म्हणाली.

"कुठल्या?"

"नाव घ्यायला बंदी आहे. केस चालू आहे."

दहा मिनिटांत आमच्याभोवती गर्दी. सीटचं रेक्झिन इटलीचं झालं. मिरच्यांविषयी एका मुलीने विचारलं तेव्हा वहिनीने माझ्याकडे न बघता सांगितलं की ही खान्देशी तिखटाची खास कल्पना आहे आणि त्यासाठी चित्रकार मुंबईहून आणली. भाऊ डबा घेऊन परत आला तोवर लोक रांग लावून फोटो काढत होते. वहिनी काय सांगतेय हे त्याच्या कानावर पडलं आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"हे काय चाललंय?" तो तिला बाजूला घेऊन म्हणाला. "गाडी आपण बनवली, ते सांग ना!"

"तू तासभर तेच सांगत होतास," वहिनी म्हणाली. "किती जण थांबले?"

 भाऊ डबा उघडून गाडीकडे पाठ करून जेवायला बसला. मला त्याचं वाईट वाटलं. सात-आठ महिने त्याने स्वतःच्या हाताने जे केलं होतं, ते इटलीचं आणि संस्थानिकाचं झाल्याशिवाय कुणी बघायला तयार नव्हतं.

प्रदर्शन दोन दिवसांचं होतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी चहा घ्यायला वळले आणि समोरून नाना येताना दिसले.

पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण जिथं मांडव आणि माईक असेल तिथं नाना येतात, मग ते रक्तदान असो की बैलांचं लसीकरण. डोळे तपासायला जळगावात आले होते, रस्त्यात कमान दिसली, आत शिरले. मी धावत परत गेले. भाऊने मला येताना पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, आणि क्षणात भज्यांच्या स्टॉलमागे नाहीसा झाला. वहिनीने डोक्यावर पदर घेतला.

नाना जीपपाशी थांबले, तिच्या चाकाला काठी मारून पाहिली आणि आमच्यापुढे आले. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं.

"तू आठे काय करी ऱ्हायनी?"

"चित्र काढलंय, नाना. या गाडीवर."

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "ह्या मिरच्या तू काढ्यात?"

"ज्वाळा शेत त्या, नाना."

नानांनी गाडीभोवती एक फेरी मारली.  पांढरी उंच गाडी काळी आणि बसकी झाली होती, टप नाही, बॉनेट नाही. त्यांनी ती ओळखली नाही. उघड्या इंजिनात डोकावून ते मोठ्याने म्हणाले, "हाई कोन्या येडानं काम शे? चांगली गाडी नागडी करी टाकी!" आजूबाजूचे लोक हसले. नानांना लोक हसले की बरं वाटतं. त्यांनी आणखी दोन-चार विशेषणं वापरली. ती सगळी भज्यांच्या स्टॉलमागे ऐकू जात असणार.

मग ते डाव्या बाजूला आले आणि दाराच्या मुठीला त्यांनी सहज हात लावला.

ती मूठ पितळेची होती. कपाटाची. दुसऱ्या निवडणुकीत एका गावात नाना उतरताना मूळची मूठ उपटून त्यांच्या हातात आली होती, समोर ढोल-ताशे वाजत असताना. तेव्हा त्यांनी घरातल्या कपाटाची मूठ काढून तिथं बसवली होती. भाऊला ती मूठ बदलावीशी वाटली नाही, कारण ती मजबूत होती.

नाना मुठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. त्यांनी अंगठा एकदा मुठीवरून फिरवला. मग वर बघितलं, जिथं टप असायला हवा होता तिथं.

"मन्ही गाडीनं छप्पर कोठे शे?" ते हळूच म्हणाले.

 वहिनी म्हणाली, "घरी आहे, नाना. जपून ठेवलंय. बिबड्या फार छान वाळतात त्याच्यावर."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा भाऊ समोर उभा होता. हाताला बेसन लागलेलं. साठ वर्षांचा माणूस, शाळेत वर्गाबाहेर उभं करतात तसा उभा. आता नाना काठी उचलतील असं मला खरोखर वाटलं.

नानांनी काठी उचलली नाही. "इचारी तं लेता," एवढंच ते म्हणाले. विचारून तरी घ्यायचंस.

"इचारतो तं तुम्ही नही म्हनतात."

"नहीच म्हनतू."

 मी भाऊला लहानपणी मार खाताना पाहिलंय, पण त्याचा चेहरा असा पडलेला कधी पाहिला नव्हता. नानांचा हात मुठीवरच होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की सकाळी घातलेले थेंब होते ते मला सांगता येणार नाही. मला विचारायचा धीर झाला नाही.

नेमके याच वेळी परीक्षक आले. पुण्याचे होते, गळ्यात रुमाल, हातात कागद. सोबत क्लबचे दोन डॉक्टर.

"वा!" परीक्षक म्हणाले. "काय कन्सेप्ट आहे याच्यामागे?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.  संस्थानिक आता वहिनीच्याही तोंडून निघेना.

"मूळ मालक कोण?" परीक्षकांनी विचारलं.

नानांनी एक क्षण भाऊकडे बघितलं. मग समोर जमलेल्या माणसांकडे. वीस-पंचवीस तरी होती. नानांची पाठ हळूहळू सरळ झाली.

"मी," ते शुद्ध मराठीत म्हणाले. सभेत ते नेहमी शुद्ध बोलतात. "या गाडीतून मी तीन निवडणुका लढवल्या."

"अरे वा! निवडून आलात?"

"जनतेची तयारी नव्हती."

लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि मग नानांना थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. टपावरचे कर्णे, आठ धारा, छत्री, सगळं त्यांनी सांगितलं. परीक्षक लिहून घेत होते. बोलता बोलता नानांनी दार उघडलं आणि त्यांची नजर डॅशबोर्डवरच्या पाटीवर गेली. चष्मा पुढे-मागे करून त्यांनी ती वाचली, "विधानसभा सदस्य". भाऊकडे वळून बघितलं. भाऊने घाईने सांगितलं, "नाना, बसमधली आहे. स्क्रू काढले की निघते."

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले आणि त्या सीटवर बसले.

पुढचा पाऊण तास ते उतरले नाहीत. लोक मोबाइल घेऊन आले, नाना हात जोडून बसून राहिले. जिल्हा परिषदेला पडलेला माणूस एका झटक्यात विधानसभेत गेला होता. एका डॉक्टरने माईक पुढे केला. तेवढी चूक त्याने करायला नको होती. मांडवातल्या चकचकीत गाड्यांचे मालकसुद्धा बोळे टाकून भाषण ऐकायला मागे आले.

संध्याकाळी बक्षिसं जाहीर झाली. पहिलं उंच चाकांच्या जीपला, दुसरं पंखवाल्या रिक्षाला. आम्हाला उत्तेजनार्थ. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, "लोककलेचा अभिनव वापर (मिरची)". भाऊ ते हातात घेऊन म्हणाला, "इंजिनाबद्दल एक शब्द नाही." मी काय बोलणार? ज्वाळांबद्दलही नव्हता.

खरा प्रश्न त्यानंतर आला. गाडी परत ट्रकमध्ये चढवायची वेळ झाली तेव्हा नाना म्हणाले, गाडी धुळ्याला जाणार नाही, माझ्या दारात जाईल. भाऊने मान हलवली. गाडी त्यांचीच होती. ट्रक पारोळ्याकडे वळला, त्यांच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उतरवली, आणि नाना भाऊला चहा न विचारता घरात गेले. मीही जळगावला न जाता त्या दोघांबरोबर बसने धुळ्याला गेले. भाऊ खिडकीबाहेर बघत बसला होता.

नंतरचे तीन महिने नानांचा एकही फोन आला नाही. भाऊने स्वतःहून दोनदा केला, काकूने उचलला आणि सांगितलं, झोपलेत. भाऊच्या अंगणात गाडीएवढी मोकळी जागा पडली होती. त्याने तिथं काही ठेवलं नाही, वहिनीने तुळस ठेवू का विचारलं तरी थांब म्हणाला. फोनवर गाड्या बघणंही बंद झालं. वहिनीने मला फोन करून सांगितलं, "आता दिवसभर घरात असतो आणि मला स्वयंपाक शिकवतो. काहीतरी कर."

इकडे नानांच्या गावातून मात्र बातम्या येत होत्या. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला शेडमध्ये येतात. नाना त्यांना फोटो काढू देतात, पण पुढच्या डाव्या सीटवरून उठत नाहीत. त्यामुळे गावातल्या निम्म्या जोडप्यांच्या अल्बममध्ये नवरा-नवरी मागे आणि पुढे टोपी घातलेले नाना असे फोटो आहेत.

मग आखाजी आली. आमच्या खान्देशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात आणि सासुरवाशिणी माहेरी जातात. काकूने मला आणि वहिनीला जेवायला बोलावलं. भाऊला बोलावलं की नाही ते स्पष्ट नव्हतं. तो म्हणाला, "मी सोडायला येतो, बाहेरच थांबतो." मी जळगावहून बसने आले, ती दोघं मोटारसायकलवर; आत शिरलो तर नाना शेडच्या तोंडाशी उभे.

"बॅटरी उतरी गयी," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "महिनाभर झाला, चालू होत नही."

भाऊ मोटारसायकलच्या डिकीतून पान्हा काढून गेलासुद्धा. ज्या माणसाला बाहेरच थांबायचं होतं त्याने बॅटरी, वायर आणि डिझेलचा कॅन बरोबर का आणला होता, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. वहिनी माझ्याकडे बघून भुवई उडवत आत गेली. आत काकू खापरावर मांडे टाकत होती, आम्ही दोघी आमरस करायला बसलो. थोड्या वेळाने बाहेर इंजिन चालू झालं आणि फडताळातले पेले किणकिणायला लागले.

मी दारात येऊन बघितलं. गाडी जागच्या जागी उभी होती, परवान्याशिवाय तिला जायला कुठली वाटच नव्हती. नाना डाव्या सीटवर, भाऊ स्टिअरिंगपाशी. नाना काठीने समोर कुठंतरी दाखवत होते, भाऊ मान हलवत होता, मग भाऊ काहीतरी बोलला आणि नाना त्याच्यावर ओरडले. काय ते इंजिनाच्या आवाजात एक अक्षर कळलं नाही. काकूने आतून दोनदा हाक मारली, पानं वाढलीत म्हणून. कुणी हललं नाही. तेव्हा आम्ही तिघी जेवायला बसलो.